काचेखालची खूण

“हॅलो? … कोण, मोनिका? … अगं हळू. मी कंपनीत हाय. … व्हय, जेवणाची सुट्टीच हाय, पर आज फोन काढू नका म्हणून सकाळीच ताकीद दिलीया. … तपासणी आलीय ना. दिल्लीचं सायेब. … थांब, थांब, आडोशाला जाते.”

नगर रस्त्याला, शिरूरच्या अलीकडं सोलर पॅनेल बनवणारी ती कंपनी. तिच्या मागच्या आवारात रिकाम्या लाकडी खोक्यांची थप्पी होती. स्वप्नाली त्या थप्पीमागं जाऊन उकिडवी बसली आणि तिनं ओढणीचं टोक फोनवर धरलं. एरवी ही बाई लपणाऱ्यातली नव्हे. पण आज तिथल्या सगळ्याच बायकांचा जीव मुठीत होता. ही कंपनी बाहेरदेशातून तयार पॅनेलं आणते आणि वर आपलं नाव चिकटवून इथलीच म्हणून विकते, अशी कुणीतरी वर तक्रार केली होती. ते खरं ठरलं तर सरकारी यादीतून कंपनीचं नाव जाणार, आणि नाव गेलं की गेटला कुलूप. शेजारच्या कंपनीला कुलूप लागायला तर तक्रारसुद्धा लागली नव्हती. बाहेरचा स्वस्त माल बाजारात ओतला गेला, इथल्या मालाला गिऱ्हाईक उरलं नाही, आणि तिथल्या बायका बघता बघता घरी बसल्या.

“हां, बोल आता. पटकन. … आप्पा? आप्पांचं काय? … स्लॅबवर चढलेत, मग चढू दे की. रोजच चढत्यात. पाव्हणा आला की त्याला आधी शिडी दाखवत्यात, मग पाणी. … काय घेऊन? … पाना? … कसला पाना, मोनिका?”

आप्पा म्हणजे स्वप्नालीचे वडील, तात्याबा. मोनिका ही तिच्या धाकट्या भावाची, शंभूची बायको. दौंडच्या पलीकडं रेल्वेच्या रुळाजवळ त्यांची वस्ती. घराच्या स्लॅबवर सहा पॅनेलं, सहाही स्वप्नालीच्या कंपनीची. अर्धा जन्म मेंढरांमागं चालून आता एका जागी बसलेल्या त्या म्हाताऱ्याला त्या पॅनेलांचं कोण कौतुक! दौंडच्या बाजारात, चहाच्या टपरीवर, कुणी विचारो न विचारो, ‘माझ्या लेकीच्या हातचं हाय’ हे ठरलेलं. ऐकून ऐकून लोक टपरी बदलायला लागले होते.

“शेजारचा कोंडिबा? तो काय म्हणाला? … परत सांग. … चायनाचा माल. … आन् मी नुसती चिठ्ठी डकवली? अगं त्या कोंडिबाला कुणी सांगितलं … बरं, मोबाईलात बघितलं त्यानं. आमच्याच कंपनीचं नाव हुतं? … हुतं. … टपरीवर, चारचौघांत. … हसली का माणसं? … आन् आप्पा? … गप ऱ्हायले? काहीच बोलले न्हाईत? … आप्पा गप ऱ्हायले म्हंजी अवघड हाय.”

“पर पाना कशाला मग? … काय हुडकत्यात? … खूण?”

कसली खूण ते स्वप्नालीला चांगलं ठाऊक होतं. टेम्पोतून पॅनेलं उतरली त्या दिवशी आप्पांनी विचारलं होतं, तुझ्या हातची कशावरनं? ती हसत म्हणाली होती, एकात माझी खूण आहे, शोधा तुम्ही. कुठं आहे, काय आहे, हे सांगितलं नव्हतं. सांगायची सोयच नव्हती. आता मेंढपाळाला खूण म्हटलं की कान आठवणार. कोकराचा कान कातरून खाच पाडायची, आणि दुसऱ्याचं जनावर आपल्या कळपात मिसळलं असं वाटलं की त्याला आडवं पाडून कान उलटा करून बघायचा, हेच त्यांनी जन्मभर केलं होतं. वरच्या काचेवर त्यांना काही सापडलं नसणार. म्हणून ते आता पॅनेल उलटं करून त्याचा कान बघायला निघाले होते.

“मोनिका, ऐक. नीट ऐक माझं. त्यांनी पॅनेल सोडवलंय का? … नट काढलेत. कुठल्या पॅनेलचं? … शिडीकडचं पहिलं. … आन् उचलून धरलंय? … खालनं काळी वायर गेलीया बघ, ती कुठं हाय? … वढत्यात? अगं वढू देऊ नको! हात लावू नका म्हणावं! आधी वरडून सांग, मग बोल माझ्याशी!”

“… काय म्हणत्यात? … मेन बटन बंद करून गेलोय म्हणत्यात. … न्हाई गं, न्हाई! घरातलं बटन बंद करून काय हुतंय! वर ऊन हाय ना! ऊन हाय तवर पॅनेल चालूच. त्याला बटनच नसतं. सहाच्या सहा एकाला एक जोडल्यात, सगळ्यांचा करंट त्या एका वायरीत हाय. … व्हय. … व्हय मोनिका, माणूस मारायला बास हाय. … अगं रडू नको. रडू नको ना, मला ऐकू यीना तुझं.”

कंपनीतल्या एका फिटरनं भर उन्हात अशीच जोडणी ओढली होती. तेव्हा निघालेली निळी ठिणगी स्वप्नालीनं डोळ्यांनी पाहिली होती, आणि नंतर त्याच्या हाताची बोटंही. आता डोळे मिटले की तीच बोटं दिसत होती आणि ती आप्पांची होती. ती भ्याली. लहानपणी कळपामागं चुकली तेव्हा भ्याली होती, तशी भ्याली.

“आप्पांच्या पायात काय हाय? … अनवाणी. … बरं, स्लॅब तरी कोरडा हाय ना? … पाणी? पाणी कुणी वतलं? … काच धुवायला. बादल्या भरून नेल्या. … अगं आई गं.”

“काय म्हणाले? हाताला मुंग्या आल्या? … त्यांच्याच तोंडनं म्हणाले? … आन् तरी सोडत न्हाईत? … मोनिका, शंभूला लाव फोन. … व्हय गं, माझ्या ध्यानातच आलं न्हाई. कुरकुंभला पहिली पाळी, फोन लॉकरात. … न्हाई, तो सुटंपर्यंत कोण थांबतंय! … मग कोंडिबा हाय का तिथं? … खाली उभा हाय. … वर चढाय भितोय? वा! आग लावून मोकळा झाला आन् आता शेकाय भितोय व्हय!”

खोक्यांच्या फटीतून स्वप्नालीला जेवायला बसलेल्या बायका दिसत होत्या. डबे उघडे होते, पण कुणी फारसं जेवत नव्हतं. तिच्या टेबलावरची माया अधूनमधून थप्पीकडं बघत होती. पलीकडं पत्र्याच्या शेडचं दार उघडलं आणि मारुतराव सुपरवायझर वाकून वाकून कुणालातरी वाट दाखवत बाहेर आले. मागून दिल्लीचे साहेब, गळ्यात ओळखपत्रं, हातात फोन.

“ऐक. आता मी सांगते तेवढंच करायचं. चप्पल घाल, रबरी. … घातली? जिन्याखाली भिंतीला पांढरं खोकं हाय बघ, हिरवा दिवा लागतो ते. त्याच्या बुडाला काळं बटन हाय, गोल. ते फिरव. … जोर लाव. … फिरलं? दिवा गेला? … नक्की गेला? … हां. तेवढं बरं झालं. आता वढली तरी ठिणगी पडायची न्हाई. पर वायर अजून जिवंत हाय, हात लागला तर झटका बसणारच. … आता सांग, घरात घोंगड्या किती हायत?”

“… घोंगड्या गं, घोंगड्या! आप्पांच्या! … न्हाई, येडी न्हाई झाले मी. पॅनेलवर टाकायच्यात. काळी घोंगडी पडली की खाली अंधार, आन् अंधार झाला की पॅनेल झोपलं. मग त्यात काय ऱ्हात न्हाई. … तीन? बरं, आन् दोन जाड गोधड्या घे. पाच झाकायची, एकच उघडं ठेवायचं. … एकट्याचा जोर नसतो एवढा. … कुठलं ते सांगते, तू आधी वर तर जा. … ओली न्हाई ना एकबी? … आन् आप्पांची काठी? मेंढराची? … कोरडी हाय ना? तीबी घे. लागलंच तर काठीनं वायर उडवायची, हातानं न्हाई. काय? … हातानं न्हाई! … जा. फोन बंद करू नको. खोच कमरंला.”

मग फोनमधून नुसते आवाज यायला लागले. मोनिकाच्या बांगड्या. पेटीचं झाकण. शेरडाचं ओरडणं. शिडीचा करकर आवाज. ती शिडी लोखंडाची होती हे स्वप्नालीला आता आठवलं. कोकणात उतरताना पावसात, थंडीत आप्पांच्या अंगावर असायच्या त्याच या घोंगड्या. घरात कुणी त्यांना पाय लावला तरी म्हातारा दिवसभर बोलायचा नाही. आज त्यांच्या डोळ्यांदेखत त्या काचेवर टाकायच्या होत्या.

“हॅलो? … पोचलीस? … टाक. न्हाई, न्हाई, त्यांच्या हातात हाय त्याच्यावर न्हाई, शेजारच्यावर टाक. लांबनं. … पसरली? … आन् दुसरी? … चिडले? चिडू दे. … काय? … काढून फेकली? … त्यांनीच? … अगं बाई गं.”

“सांग त्यांना, स्वप्ना म्हणती खूण पाठीमागं न्हाई. … सांग तर. … काय म्हणाले? … मला खाली उतरवाय खोटं सांगतीया म्हणत्यात? … तिच्या तोंडनं ऐकणार. … मग दे ना फोन, त्यांच्या कानाला लाव! … घेत न्हाईत? का? … हात गुतलाय? … कशात गुतलाय? … वायर धरूनच उभं हायत? … मोनिका, मागं हो. मागं हो तू! त्यांना शिवू नको. काय झालं तरी शिवू नको. स्पीकर लाव आन् लांबनं फोन धर.”

“आप्पा. … आप्पा, मी स्वप्ना. … काय म्हणत्यात, मोनिका? … ऐकू येत न्हाई. … आप्पा, वायर सोडा! … तरी न्हाई?”

ऐकू येणार कसं? म्हाताऱ्याचा डावा कान केव्हाच गेला होता आणि उजवा त्याच्या मर्जीनं चालायचा. घरात त्यांच्याशी बोलायचं ते माळावरून हाक मारावी तसं. आणि स्वप्नालीला जे सांगायचं होतं ते तर तिनं शेजारी बसणाऱ्या मायाच्या कानातही कधी सांगितलं नव्हतं.

झालं होतं ते असं. गेल्या खंडेनवमीला कंपनीत नव्या मशिनची पूजा झाली. मारुतरावांनी नारळ फोडला, पेढे वाटले, आणि लगेच काम सुरू. स्वप्नालीचं काम काचेवर उन्हाची वीज करणारे काळे पातळ तुकडे ओळीनं मांडायचं. शेजारची कंपनी नुकतीच बंद पडली होती आणि तिच्या मनात सारखं येत होतं, हे तरी चालू राहू दे. ओढणीच्या टोकाला जेजुरीचा भंडारा बांधलेला होता. हळदीची ती चिमूट तिनं कुणाचं लक्ष नाही असं बघून त्या दिवसाच्या पहिल्या पॅनेलच्या कोपऱ्यात सोडली. पॅनेल भट्टीत गेलं, काचेखाली कायमचं बंद झालं. मात्र तपासणाऱ्या टेबलावर तो पिवळा ठिपका पकडला गेला. मारुतरावांनी सगळ्या बायकांना रांगेत उभं केलं. मालात घाण घालणारी सापडली तर त्याच दिवशी घरी, असं सांगितलं. सापडली नाही. ते पॅनेल दुय्यम मालात गेलं, दुय्यम माल कामगारांना स्वस्तात मिळाला, आणि स्वप्नालीनं त्यातली सहा आप्पांसाठी घेताना ते एक आठवणीनं घेतलं.

आता माया हात हलवून हलवून खुणा करत होती, इकडंच येतायत, बंद कर. मारुतरावांचा आवाज जवळ आला होता. खोटं कशाला सांगायचं, क्षणभर स्वप्नालीच्या मनात आलं की फोन बंद करावा. मोनिका आहे तिथं, कोंडिबा आहे, सांभाळतील. तेवढ्यात फोनमधून आप्पांचं कण्हणं ऐकू आलं, जड काहीतरी उचलताना माणूस कण्हतो तसं.

स्वप्नाली उठून उभी राहिली. बसून ओरडता येत नाही.

“आप्पाऽऽ! वायर सोडा! … पाठ बघू नका! कानाला न्हाई खूण! काचेखाली हाय! … काचेऽखाली! … भंडारा! आप्पा, भंडारा घातलाय मी आत! जेजुरीचा भंडारा! … भं-डा-रा! माझ्या हातानं घातलाय! … रुळाकडच्या शेवटच्या पॅनेलात बघा! खालच्या कोपऱ्यात, पिवळा ठिपका! … सोडा ती वायर, आप्पा! तुमच्या पाया पडते, सोडा!”

“… मोनिका? … ऐकलं का त्यांनी? … हॅलो? … काय वाजतंय? … गाडी हाय का? … मोनिका, गाडी चाललीय का? मला काय ऐकू येत न्हाई!”

मालगाडीच होती. दौंडच्या मालगाड्या जन्मभर ऐकलेल्या स्वप्नालीला एवढी लांब गाडी कधी लागली नव्हती. डब्यामागून डबा, डब्यामागून डबा, नुसता खडखडाट. त्या खडखडाटात एखादी किंकाळी बुडून गेली असली तर? तिनं फोन कानात घुसेल इतका दाबून धरला. मागं आवारात डब्यांचे आवाज थांबले होते. कुणीतरी तिच्या पाठीशी येऊन उभं राहिलं होतं, कुणीतरी काही विचारलंही. ती वळली नाही. बिरुबा देवा, माझ्या म्हाताऱ्याचे हात सोडव, बाकी मी बघून घेते, एवढंच ती मनात म्हणत होती.

“हॅलो? … मोनिका? … गेली का गाडी? बोल काहीतरी. … अगं बोल ना! … ते काय वाजलं? … पाना? … पडला का टाकला? … नीट सांग, हातातनं पडला का त्यांनी टाकला? … टाकला. … आन् वायर? … सोडली? … दोन्ही हात मोकळं हायत? खरं सांग मोनिका, दोन्ही? … हां. … हां. … उभं हायत ना? … बिरुबा रे बिरुबा.”

“टाक आता घोंगड्या. … आता काय म्हणत न्हाईत ना? टाक मग. … ते शेवटचं ठेव उघडं. … गेले तिकडं? … खाली बसलेत? … अगं त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू हाय, त्यांना कसं दिसंल, तू बघ. … दिसला? … व्हय, मोहरीएवढाच हाय. … त्यांचं बोट धर आन् ठेव त्यावर. काचेला काय हुत न्हाई. … ठेवलं? … मग काय करत्यात? … कपाळ टेकवलं? … अगं तापली असंल काच, भाजंल कपाळ! … बरं. … बरं, असू दे. … दे त्यांना.”

“आप्पा. … व्हय, मीच. … भाजलं का कुठं? … हात बघा, मोनिकाला दाखवा हात. … खरंच न्हाई ना? … व्हय आप्पा, माझ्या हातचं. … सहाच्या सहा. … न्हाई, नुसती चिठ्ठी न्हाई. काच आम्ही मांडतो, जोडणी आम्ही करतो, भट्टीत आम्ही घालतो. … व्हय, सांगा त्या कोंडिबाला. … काय म्हणालात? … आतले काळे तुकडे? … ते कुठले?”

ते तुकडे इथलेच असं स्वप्नालीनं सांगितलं असतं तर आप्पांना कळणार नव्हतं, आणि मागं उभ्या असलेल्यांनाही ते ऐकायला बरं वाटलं असतं. पण नुकतंच एवढं मोठ्यानं खरं बोलून झालं होतं की आता बारीक आवाजात खोटं बोलायची तिला लाज वाटली.

“न्हाई आप्पा. ते बाहेरनं येत्यात. … व्हय, चायनातनं. आपल्याकडं बनाय लागल्यात, पर अजून पुरत न्हाईत. … व्हय. कोंडिबा निम्मा खरा हाय. … रागावलात का? … आप्पा? … काय? … पारखं कोकरू? … व्हय, आई मेलेलं. बाजारातनं आणलेलं. … त्याला दुसऱ्या मेंढीच्या कासंला लावायचं. … ती हुंगती, लाथ मारती, व्हय, आठवतंय मला. … आन् एकदा का तिचं दूध त्याच्या पोटात गेलं की ती त्याला कुणाला शिवू देत न्हाई. … व्हय. … मग त्याचा कान आपणच कातरायचा. … तसंच हाय, आप्पा. अगदी तसंच हाय ते.”

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. एका हातात फोन, दुसरा हात खोक्याच्या फळीला घट्ट धरलेला.

“… कुणाचा आवाज? … कंपनीतली माणसं हायत. … न्हाई, मला कोण काय म्हणत न्हाई. … अहो न्हाई म्हणते ना! … काय सांगाल तुम्ही त्यांना? … भंडारा तुम्हीच घातला म्हणून? … आप्पा, तुम्ही कवा आला हुता कंपनीत? … असू दे. मी बघते माझं. तुम्ही आधी खाली उतरा.”

“न्हाई, नंतर न्हाई. आत्ता उतरा, मी फोन धरून हाय. … मोनिका, तू म्होरं उतर, खालनं शिडी धर. कोंडिबालाबी धराय लाव, तेवढं तरी करू दे त्याला. … सावकाश. … पायाखाली बघा, पाय ओलं हायत तुमचं. … फोन मोनिकाकडं द्या आधी! … हां. … मोनिका, कुठवर आले? … निम्म्यात. … थांबले? दम लागला? थांबू दे. … आले? … फोन दे त्यांना. … आप्पा, पाय टेकला का? … आन् दुसरा? … मोनिकानं सांगून न्हाई चालायचं. तुमच्या तोंडनं ऐकायचंय मला. … दोन्ही टेकले? … हां. … हां, आप्पा. … आता पाणी प्या. … मग ठेवते.”

तिनं फोन बंद केला, ओढणीनं तोंड पुसलं आणि वळली.

सगळे तिथंच होते. माया तोंडावर हात धरून उभी होती. मारुतरावांचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि ते विचारत होते की तो भंडारा नक्की कुणी घातला. दिल्लीचे साहेब त्यांना मागं सारून हिंदीत विचारत होते की दौंडच्या त्या घरावरचं ते पॅनेल इथं बनलं का, आणि कुणी बनवलं. एकाला तिला कामावरून घालवायचं होतं, दुसऱ्याला माल इथलाच आहे का ते बघायचं होतं. प्रश्न वेगळे होते, पण दोघांना द्यायला स्वप्नालीकडं उत्तर एकच होतं. भीती गेली नव्हती. आवाज मात्र आप्पांशी बोलून मोठा झाला होता, तो तसाच निघाला.

“हो सर,” ती म्हणाली. “माझ्याच हातचं हाय.”